आधी कोणती अट? (प्रस्तावना)

नर्मदा पाणी तंटा लवादानं डिसेंबर १९७९ मध्ये दिलेल्या निवाड्यात विस्थापितांसाठी एक अट आहे. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन संपादित होईल, त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, आणि तीही किमान दोन हेक्टर. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. तेव्हा तो धुळे जिल्हा होता; १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. मणिबेली त्यातलं पहिलं गाव. निवाडा लिहिणाऱ्यांसमोर कागद होता, पण आज कोणी तीच अट डेटाबेसला विचारायला बसला तर तिचं रूप अगदी आटोपशीर होईल: बुडालेलं क्षेत्र भागिले एकूण क्षेत्र, आणि उत्तर ०.२५ पेक्षा मोठं.

भागाकार आला की छेदात शून्य असलं तर काय, हा प्रश्न आलाच. सातपुड्यात तो पुस्तकी राहत नाही. नर्मदेकाठच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण दप्तरी जंगल म्हणून लागलेली जमीन पुष्कळ होती. तिला तिकडं नेवाड म्हणतात. ती कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. म्हणजे पंचनाम्यात दीड हेक्टर बुडालं असं लिहिलेलं असू शकतं आणि त्याच माणसाच्या खात्यावरचं एकूण क्षेत्र शून्य.

क्वेरी लिहिणारा एवढं जाणून असतो. त्याच्याकडं दोन टेबलं आहेत असं धरू. एकात कुटुंबं, आणि त्यांची नोंद ‘सातबारा’ आहे की ‘नेवाड’ हेही त्यातच. दुसऱ्यात जमिनीची क्षेत्रं. तो दोन्ही टेबलं जोडतो आणि खाली लिहितो: ‘व्हेअर कुटुंब.नोंद = सातबारा अँड जमीन.बुडीत / जमीन.एकूण > ०.२५’. (या प्रस्तावनेत आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, यंत्रासमोर बसल्यावर त्या अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.) त्याचा हिशेब सरळ आहे. पहिली अट नेवाडवाल्यांना बाजूला काढेल, मग उरलेल्यांचाच भागाकार होईल. क्वेरी चालते. महिना चालते, सहा महिने चालते. मग एके दिवशी तिच्यातलं एक अक्षरही न बदलता ती शून्यानं भागल्याची तक्रार करून बंद पडते.

हे पुस्तक त्या बंद पडण्याचं कारण सांगण्यासाठी लिहिलं आहे. कारण एका वाक्यात सांगता येतं: एसक्यूएलमध्ये अटी ज्या क्रमानं लिहिल्या, त्याच क्रमानं तपासल्या जातील असं कोणीही कबूल केलेलं नाही. पण एका वाक्यात सांगितलेलं कारण पुढच्याच आठवड्यात विसरलं जातं, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून पुस्तक.

आपली समजूत चुकते ती दुसऱ्या भाषांच्या सवयीमुळं. महाविद्यालयात बहुतेकांची सुरुवात सी किंवा पायथनपासून होते. तिथं ‘आणि’नं जोडलेल्या दोन अटींपैकी डावी आधी तपासली जाते आणि ती खोटी ठरली तर उजवीला हातही लावला जात नाही. हा योगायोग नव्हे, त्या भाषांच्या व्याख्येतच तसं लिहिलेलं आहे. त्या भरवशावर सी लिहिणारा डाव्या हाताला राखण ठेवतो आणि उजव्या हाताला धोक्याचं काम करतो. तीच सवय घेऊन तो एसक्यूएलमध्ये येतो. इथंही शब्द ‘अँड’च आहे, इथंही डावीकडून उजवीकडंच लिहायचं आहे. शंका यायला जागाच नाही.

एसक्यूएलचा जन्म मात्र वेगळ्या घरातला. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा आग्रह असा, की माहिती वापरणाऱ्याला ती यंत्राच्या पोटात कशी रचून ठेवली आहे हे कळायची गरज पडू नये. त्याच संस्थेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या विचारावर उभी अशी प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचंच पुढं एसक्यूएल झालं. या भाषेत आपण तलाठ्याकडं उतारा मागतो तसं मागायचं असतं. गट नंबर सांगायचा, खातेदाराचं नाव सांगायचं. त्यानं आधी कोणतं कपाट उघडावं, गटानं शोधावं की नावानं, हे आपण सांगत नाही. सांगितलं तरी तो आपल्या सोयीनंच शोधणार, आणि त्यात काही वावगं नाही, कारण कपाटांची माहिती त्याला आहे, आपल्याला नाही.

हे ‘सोयीनं शोधणं’ पुढं शास्त्र झालं. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. एकाच प्रश्नाचं उत्तर काढायच्या अनेक वाटा असतात. प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजानं काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडायची. आजचे सगळे मोठे डेटाबेस या ना त्या रूपात हेच करतात. ही निवड करणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर किंवा प्लॅनर म्हणतात. लाखो ओळींच्या टेबलातून क्षणात उत्तर येतं ते त्याच्या जिवावर. त्याला अटींचा क्रम बदलायची मुभा नसती तर हा वेगही नसता. त्यामुळं ‘एसक्यूएलनं डावी अट आधी तपासावी असा नियम का केला नाही?’ या नेहमीच्या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. तो नियम केला असता तर प्रत्येक क्वेरी लिहिताना कोणती अट आधी लिहिली म्हणजे काम लवकर होईल, ही चिंता आपल्या डोक्यावर आली असती. कॉड यांनी जी चिंता काढून टाकली तीच पुन्हा.

एसक्यूएल १९८६ मध्ये अमेरिकेचं आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. १९९२ च्या आवृत्तीत याविषयी स्पष्ट भूमिका आहे: पदावल्या प्रत्यक्षात डावीकडून उजवीकडं मोजल्या जातात की नाही हे ज्या त्या डेटाबेसवर सोपवलेलं आहे. पोस्टग्रेएसक्यूएलची मार्गदर्शिका तर एक स्वतंत्र उपविभाग यालाच देते आणि बजावते, की उपपदावल्यांचा क्रम ठरलेला नाही, डावी बाजू आधी धरून चालू नका.

आता त्या सहा महिन्यांकडं येऊ. कुटुंबं कमी होती तोवर प्लॅनरला एक वाट स्वस्त पडत होती: सातबाराची नोंद असलेलं एकेक कुटुंब घ्यायचं आणि इंडेक्सच्या आधारे त्याचीच जमिनीची ओळ काढायची. या वाटेवर भागाकार फक्त सातबारावाल्यांचा होतो, शून्याशी गाठच पडत नाही. पुढं ओळी वाढल्या, टेबलाची आकडेवारी ताजी झाली आणि दुसरी वाट स्वस्त ठरली: जमिनीचं टेबल आधी अखंड वाचायचं, त्याच्यापुरत्या लावता येतील त्या अटी तिथंच लावून टाकायच्या, मग कुटुंबांशी जोड घालायची. भागाकाराच्या अटीला लागणारे दोन्ही कॉलम जमिनीच्याच टेबलात आहेत. म्हणून ती अट तिथंच लागते, नोंद कोणती हे कळण्याच्या आधी. नेवाडाची पहिली ओळ आली की क्वेरी खलास. दोन्ही वाटा बरोबर, दोन्ही कायदेशीर. क्वेरीच कच्ची होती, आणि सहा महिने ती चालली हा तिचा गुण नव्हता.

असं झालं की खोलीत पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘डेटा खराब आहे’. मग कोणीतरी शून्याच्या जागी एक टाकतो, आणि क्वेरी चालू होते. या दुरुस्तीइतकी वाईट दुरुस्ती दुसरी नाही. छेदात एक आला की ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्या खात्यावर दप्तरानं एक हेक्टर चढवला, आणि दीड हेक्टर बुडालेल्या माणसाची दीडशे टक्के जमीन गेली. शून्य ही इथं चूक नाही. ती सातपुड्याच्या महसुली इतिहासाची खरी नोंद आहे.

नीट दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत. ‘जमीन.बुडीत / नलइफ(जमीन.एकूण, ०)’ असं लिहिलं तर छेदातल्या शून्याचा ‘नल’ होतो, म्हणजे ‘माहीत नाही’, भागाकाराचं उत्तर नल येतं, तुलनेचं उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि ती ओळ निकालात येत नाही. कुठल्याही क्रमानं तपासा, क्वेरी पडत नाही. दुसरी वाट ‘केस व्हेन’ची: ‘केस व्हेन एकूण > ० देन बुडीत / एकूण > ०.२५ एल्स फॉल्स एंड’. केस व्हेनमध्ये क्रम पाळला जातो, वरची अट खरी ठरल्याशिवाय तिचं ‘देन’ मोजलं जात नाही. नलइफ, कोॲलेस आणि केस ही तिन्ही १९९२ च्या मानकातली.

तांत्रिक दृष्टीनं इथं काम संपलं. पण निकालाची यादी बघा. नलइफ लावलं काय किंवा एल्स फॉल्स लिहिलं काय, नेवाड कसणारी कुटुंबं यादीतून गळाली, आणि या वेळी यंत्रानं तक्रारही केली नाही. आधी निदान क्वेरी बंद पडत होती. जागतिक बँकेनं नेमलेल्या, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीनं जून १९९२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात ज्या गोष्टींवर बोट ठेवलं होतं त्यांत हीदेखील होती: अतिक्रमणदार म्हटल्या गेलेल्या आदिवासींना भूमिहीनांत धरणं. पुढं मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्जच रद्द झालं. तो सगळा वाद एका ‘एल्स’मध्ये मावतो, हे मला हे पुस्तक लिहिताना वारंवार जाणवलं. म्हणून माझ्या मते खरी क्वेरी अशी: नोंद नेवाड असेल तर ‘वेगळी तपासणी’, एकूण नल असेल तर ‘उतारा नाही’, एकूण शून्य असेल तर ‘खातं तपासा’, आणि मग कुठं भागाकार. चार ओळी जास्त लागतात. लागू द्या.

केस व्हेनवर आता फार विसंबू नका, हे सांगायलाच पुस्तकाचं चौथं प्रकरण आहे. पोस्टग्रेएसक्यूएल क्वेरी चालवण्याआधी तिच्यातले स्थिर आकडे मोजून टाकतं. ‘एल्स १/०’ असं कोणी लिहिलं तर ती शाखा कधीच येणार नसली तरी योजना आखतानाच चूक निघू शकते. दुसरा सापळा अधिक व्यवहारातला. गाववार सरासरी काढताना लिहिलं जातं: ‘केस व्हेन मिन(एकूण) > ० देन ॲव्हरेज(बुडीत / एकूण) एंड’. वाचायला निर्दोष. पण मिन आणि ॲव्हरेज ही गटावरची गणितं केसच्या आधी होतात. केस जागं होईपर्यंत भागाकार होऊन गेलेला असतो. इथं राखण गणिताच्या आत, म्हणजे ॲव्हरेजच्या कंसातच ठेवावी लागते.

आतापर्यंत क्रम पाळला जात नाही याची गोष्ट झाली. पण क्रम पाळला जातो तिथं जबाबदारी वाढते, आणि तिथली चूक यंत्र कधीच दाखवत नाही. याचं उदाहरण अंगणवाडीतून घेतलं आहे, कारण नंदुरबार जिल्ह्यात मुलांच्या वजनाइतका मोजला जाणारा, मागवला जाणारा आणि ज्यावर बैठका होतात असा दुसरा आकडा नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये बालवाढीची मानकं प्रसिद्ध केली. मुलाच्या उंचीला साजेसं वजन किती असावं याचा मध्य आणि त्यापासूनचं प्रमाणित अंतर त्यात दिलेलं आहे. त्या मोजपट्टीवर मुलाचा गुण उणे तीनच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेलं सॅम. उणे तीन ते उणे दोनच्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम. आता एक क्वेरी: ‘केस व्हेन गुण < -२ देन मॅम व्हेन गुण < -३ देन सॅम एल्स साधारण एंड’. उणे ३.४ असलेलं मूल घ्या. ते उणे दोनपेक्षा कमी आहेच. पहिलीच अट खरी, शिक्का मॅमचा, दुसऱ्या अटीपर्यंत कोणी जातच नाही. या क्वेरीत सॅम हे उत्तर कधीही निघू शकत नाही. तालुक्याचा तक्ता देखणा दिसतो, सॅमच्या रकान्यात शून्य, आणि वरच्या बैठकीत त्याबद्दल अभिनंदनही होऊ शकतं. दोन ओळींची अदलाबदल केली की उत्तर बरोबर. पण ती अदलाबदल करायची हे कळायला आधी त्या शून्याचा संशय यायला हवा.

पुढं जाऊ. दोन्ही पायांवर सूज असेल तर मूल वजन न बघताच सॅम धरतात, कारण अंगात साठलेलं पाणीही काट्यावर भरतं आणि वजन बरं दिसतं. म्हणजे सुजेची ओळ वजनाच्या ओळीच्या वर हवी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरी ते सॅमच. ही ओळही वरच हवी, आणि तिच्यात वयाची अटही हवी, नाहीतर चार महिन्यांचं बाळ उगाच त्यात सापडेल. उंचीचंही तेच. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं. लहान मूल चुकून उभं मोजलं तर मापात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. हे सगळं गुण काढण्याआधी व्हायला हवं. इथं अटींचा क्रम प्रोग्रामरनं ठरवायचा नाही. तो बालरोगतज्ज्ञानं आधीच ठरवलेला आहे, आपण तो न बिघडवता उतरवायचा आहे.

आणि ज्याचं माप घेतलंच नाही? दिवाळी झाली की नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुलं बरोबर जातात. त्या महिन्यांत त्या मुलांच्या ओळीत वजनाचा रकाना नल. नल उणे तीनपेक्षा कमी आहे का? अज्ञात. उणे दोनपेक्षा? अज्ञात. एकही ‘व्हेन’ खरा होत नाही आणि मूल घरंगळत ‘एल्स’मध्ये येतं, जिथं लिहिलं आहे ‘साधारण’. उसाच्या फडात असलेलं मूल तालुक्याच्या तक्त्यात सुदृढ झालं. जितकी जास्त मुलं स्थलांतरित, तितकी कुपोषणाची टक्केवारी खाली. या एका वाक्यासाठी कोणी हे पुस्तक विकत घेतलं तरी मला चालेल.

यावर उपाय म्हणून ‘गुण नल असेल तर मोजलं नाही’ ही ओळ सर्वांत वर टाकावी असं पटकन सुचतं. थांबा. सूज आहे पण उंची घेता आली नाही असं मूल मग ‘मोजलं नाही’मध्ये जाईल आणि पोषण पुनर्वसन केंद्रात जायचं राहील. सूज सर्वांत वर, मग दंडघेर, मग नलची ओळ, मग उणे तीन, मग उणे दोन. आणि एल्समध्ये ‘साधारण’ लिहूच नये. साधारणची अटही स्पष्ट लिहावी आणि एल्समध्ये ‘तपासा’ असावं. २०२१ पासून अंगणवाड्यांची मापं पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरली जातात. मी इथं बोलतो आहे ते तक्ता उतरवून घेऊन स्वतःची क्वेरी लिहिणाऱ्याशी, मग तो विद्यार्थी असो, संस्थेचा कार्यकर्ता असो की पंचायत समितीतला डेटा एंट्री ऑपरेटर.

नलचा आणखी एक प्रताप पाचव्या प्रकरणात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी या जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीत आले होते. तेव्हापासून बारा आकडी क्रमांक हा दोन याद्या जुळवायचा सर्वमान्य दुवा झाला आहे. तर प्रश्न असा: अंगणवाडीच्या यादीतली कोणती मुलं एखाद्या योजनेच्या यादीत नाहीत? साहजिक क्वेरी ‘नॉट इन’ची: ज्याचा आधार योजनेतल्या आधारांमध्ये नाही, तो दाखव. योजनेच्या यादीत एका, फक्त एका ओळीत आधारचा रकाना रिकामा असला, तर या क्वेरीचं उत्तर शून्य ओळी. का? ‘नॉट इन’ म्हणजे पहिल्याशी जुळत नाही, आणि दुसऱ्याशी जुळत नाही, आणि त्या रिकाम्याशीही जुळत नाही. शेवटच्याचं उत्तर अज्ञात. ‘आणि’नं जोडलेल्यांत एक अज्ञात असलं की सगळं मिळून खरं कधीच होत नाही. त्यामुळं एकही मूल सुटलेलं दिसत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’नं लिहिलं की सुटलेली मुलं दिसतात, आणि ज्या मुलांचा स्वतःचाच आधार अजून निघालेला नाही तीही दिसतात.

क्रम या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात, त्याही इथंच सुट्या करून ठेवतो. एक, कोणती अट कोणाशी बांधली जाते. दोन, कोणती अट वेळेत आधी तपासली जाते. पहिली गोष्ट पक्की ठरलेली आहे: ‘अँड’ची गाठ ‘ऑर’पेक्षा घट्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य. कोणी लिहिलं, ‘जमात = होय ऑर वास्तव्य >= ७५ अँड ताबा < १३ डिसेंबर २००५’, तर तारखेची अट फक्त दुसऱ्या गटाला लागते आणि जमातीचा कालचा ताबाही पात्र ठरतो. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याची ६९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातीची आहे तिथं या एका कंसाचं वजन किती, हे सांगायला नको. कंस घातला की बांधणी सुधारते. मात्र कंसातलं आधी मोजलं जाईल असं समजू नका. वेळेबद्दल कंस काहीही बोलत नाही. शाळेतल्या गणितानं आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं.

निरनिराळ्या डेटाबेसच्या स्वभावावर एक प्रकरण आहे, पण ते संदर्भासाठी. सलग वाचण्यात मजा नाही. शून्यानं भागलं तर पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर चूक दाखवून थांबतात. मायएसक्यूएल सिलेक्टमध्ये इशारा देऊन नल परत करतं, एसक्यूएललाइट तर इशाराही देत नाही. ओरॅकलमध्ये कोॲलेस गरजेपुरतंच मोजतं, एनव्हीएल दोन्ही बाजू मोजून मोकळं होतं. आणि एक छळवादी बारकावा: क्षेत्र आरमध्ये पूर्णांक म्हणून साठवलं असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएललाइटमध्ये ६० भागिले २०० म्हणजे ०. तीस टक्के जमीन गेलेलं कुटुंब पंचवीस टक्क्यांच्या अटीत बसत नाही. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये बसतं.

पुस्तकातली सगळी टेबलं लहान आणि बनवलेली आहेत. त्यात कोणाचंही खरं नाव, खरा आधार किंवा खरा गट नंबर नाही, आणि सरावासाठीही कोणी तसला तक्ता वापरू नये. इंडेक्स कसे बांधावेत, सर्व्हर कसा सांभाळावा, हे इथं मिळणार नाही. ज्यांना सिलेक्ट आणि व्हेअर येतं त्यांनी थेट दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. नुसतं वाचू नये. प्रत्येक क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लावून प्लॅनरनं कोणती वाट धरली ते बघावं, मग टेबलात हजारभर ओळी भरून, ‘ॲनालाइझ’ करून तेच पुन्हा बघावं. तळोद्यात किंवा धडगावला वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसेल तर एसक्यूएललाइट पुरेल, ते एका फाइलीत मावतं. पण जमलं तर तीच क्वेरी पोस्टग्रेएसक्यूएलवरही चालवावी. एकानं मुकाट्यानं उत्तर दिलं आणि दुसरं थांबलं, तर ज्या ओळीमुळं ते थांबलं ती शोधून काढावी आणि ती कोणत्या कुटुंबाची आहे ते आधी बघावं, क्वेरी त्यानंतर दुरुस्त करावी.